"मॅडम, पोरगं परत जायचं नाही म्हणतंय"

जून आणि डिसेंबर हे माझ्याकडे एका ठरावीक फोनचे महिने. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे एनडीएची टर्म संपते, मुलं सुट्टीवर घरी येतात आणि दोन-चार दिवसांत एखाद्या आईचा फोन येतो, "मॅडम, पोरगं परत जायचं नाही म्हणतंय." दुसरा फोन बारमाही असतो, "मुलगी सारखं एनडीए-एनडीए करतेय. खरंच इच्छा आहे की रील्स बघून डोक्यात भरलंय, ओळखायचं कसं?"

एक प्रश्न जाण्याआधीचा, एक गेल्यानंतरचा. मला मात्र दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते. मुलाकडे तिथे असण्याचं कारण आहे का, आणि ते कारण त्याचं स्वतःचं आहे का?

मी सातारा भागात समुपदेशक म्हणून काम करते. देशातली पहिली सैनिकी शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. जवळच मिलिटरी अपशिंगे आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान कामी आले. इथे फौजेचं अप्रूप नाही, फौज घरातलीच आहे. पण पिढ्यानपिढ्या गेले ते जवान म्हणून. त्यामुळे घरातलं पहिलं पोरगं अधिकारी व्हायला निघालं की त्याच्यावर सगळ्या खानदानाची नजर लागते.

अनिकेत अशाच घरातला. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, वडील एसटीत. दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरच्या सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूटमध्ये निवड झाली. महाराष्ट्रातून अधिकारी कमी जातात म्हणून राज्य शासनाने १९७७ साली ही संस्था काढली. तिथे दोन वर्षं, मग यूपीएससीची लेखी परीक्षा, पाच दिवसांची एसएसबी (सैन्यदलांच्या निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत), वैद्यकीय तपासणी, मेरिट लिस्ट. यादी लागली त्या आठवड्यात गावच्या चौकात फ्लेक्स लागला, 'गावचा पहिला लष्करी अधिकारी'. तेव्हा त्याने प्रबोधिनीच्या फाटकात पाऊलही ठेवलं नव्हतं.

पहिली टर्म संपवून तो आला आणि चौथ्या दिवशी आईला म्हणाला, मी परत जात नाही. वडील त्याला माझ्याकडे घेऊन आले तेव्हा तो खुर्चीत ताठ बसला आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'मॅम' म्हणत राहिला. मी विचारलं, "एनडीएत का गेलास?"

उत्तर तयार होतं. देशसेवा, साहसी आयुष्य, आजोबांचा वारसा. तिन्ही मुद्दे क्रमाने, न अडखळता.

"हेच एसएसबीच्या मुलाखतीत सांगितलं होतंस का?"

"हो मॅम."

"छान होतं. आता मला सांग."

तो गप्प झाला. मुलांना ही शांतता जड जाते, पण ती मी मोडत नाही. पाठ केलेलं उत्तर संपल्यानंतरच माणूस बोलायला लागतो, असा माझा अनुभव आहे.

मग हळूहळू बाहेर आलं. पहाटे उठणं, पीटी, ड्रिल, सायकलवर रांगेत वर्गापर्यंत जाणं, वर्गात मिटणारे डोळे, संध्याकाळी खेळ, सीनियर्सचा रगडा. ड्रिल स्क्वेअरची परीक्षा पास होईपर्यंत बाहेर पडायला परवानगी नाही आणि तो पहिल्या खेपेला नापास झाला होता. सभोवती सगळे इंग्रजीतून बोलणारे. पण यातल्या कशानेही तो मोडला नव्हता. त्याला खाणारी गोष्ट वेगळी होती.

"मॅम, आधी अंतिम पगचा, पासिंग आउट परेडमधल्या त्या शेवटच्या पावलाचा, व्हिडिओ बघितला की अंगावर काटा यायचा. आता काहीच होत नाही. म्हणजे माझ्यात ते नाहीच. मी सगळ्यांना फसवलं."

हे वाक्य मी इतक्या मुलांकडून ऐकलं आहे, की याच्यासाठीच हा लेख लिहायला बसले. मी त्याला विचारलं, "परेड बघायला आलेल्याच्या अंगावर काटा येतो. परेड करणाऱ्याचं लक्ष कुठे असतं?"

तो जरा थांबला. "उजवीकडच्याशी ओळ जुळतेय का, तिकडे."

"मग तुझं काही हरवलेलं नाही. तू बघणाऱ्यांतून उठून करणाऱ्यांत गेलास."

मुलं हा फरक समजून न घेता स्वतःला दोषी ठरवतात. दुरून बघताना जी ऊर्मी येते ती खरी असते, अर्ज भरायला ती पुरतेही. पण रोज पहाटे उठवण्याचं काम तिचं नाही. ती ओसरली म्हणून निर्णय चुकला असं धरून चालणं अन्यायाचं आहे.

पुढच्या भेटीत मी सोडून येण्याचा पर्याय खरोखर समोर मांडला. कागद घेऊन बसलो. वैयक्तिक कारणाने प्रशिक्षण सोडलं तर तोवरचा खर्च वसूल होतो, प्रवेशाच्या वेळी पालकांनी तशी हमी सही करून दिलेली असते. तीन वर्षं पुरी केल्यावर मिळणारी जेएनयूची पदवी हातात नसेल. दुसरीकडे प्रवेश कुठे, कधी, वर्ष वाया जाईल का, सगळं लिहून काढलं. वडील कासावीस झाले. "मॅडम, तुम्ही त्याला सोडायला लावताय का?" मी म्हटलं, "दादा, ज्याला मागे फिरता येत नाही त्याने पुढे जायचं ठरवलं, असं म्हणता येत नाही. तो नुसता ढकलला जातो." वडील त्या दिवशी नाराज होऊन गेले. अनिकेत मात्र पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसला होता.

त्याच भेटीत फ्लेक्सचा विषय निघाला. घरापासून दुकानापर्यंतचा रस्ता चौकातून जायचा आणि तो लांबच्या बोळाने फिरून जायचा. आपलाच हसरा फोटो त्याला नको होता.

खरी कलाटणी आली ती तिसऱ्या-चौथ्या भेटीत, आणि ती एका साध्या प्रश्नाने आली. मी विचारलं, "समजा, तू गेलाच नाहीस. तिथलं काय आठवेल?"

"काही नाही, मॅम."

"बरं. कोण आठवेल?"

बराच वेळ गेला. मग तो एका कोर्समेटबद्दल बोलायला लागला. राजस्थानातला मुलगा, पाण्याला विलक्षण घाबरणारा. पोहता न येणाऱ्यांना तिथे शिकावंच लागतं, टाळता येत नाही. अनिकेत लहानपणापासून विहिरीत सूर मारलेला. सराव असेल तेव्हा तो त्या मुलाच्या बाजूला राहायचा. आधी नुसतं पाण्यात तोंड घालून श्वास सोडायला शिकवलं, मग कठडा धरून पाय मारायला, मग पाठीवर तरंगायला. "मी त्याला म्हणायचो, हात काढतोय हे मी तुला आधी सांगणार, न सांगता काढणार नाही. एकदा तो आपसूक तरंगला आणि त्याला कळलंच नाही." सांगताना अनिकेतचे हात हवेत कोणाची तरी पाठ तोलून धरत होते. त्याच मुलाने याला इंग्रजीत बोलायला लावलं होतं, चुकलं तरी न हसता. किती तरी वेळ तो बोलत होता आणि त्यात एकदाही 'मॅम' आलं नाही.

"पुढच्या टर्मला त्याची परीक्षा आहे. मी नसलो तर..." एवढं बोलून तो थांबला.

मी म्हटलं, "हे तू मला पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"ही काय देशसेवा आहे का?"

"अधिकारी रोज नेमकं काय काम करतो, असं वाटतं तुला?"

त्याने वर पाहिलं. मला काही समजावून सांगावं लागलं नाही. घाबरलेल्या माणसाजवळ उभं राहायचं, त्याला दिलेला शब्द पाळायचा आणि त्याच्याकडून त्याला न जमणारं काम करून घ्यायचं. ज्या कामासाठी त्याला निवडलं होतं ते काम तो पहिल्याच टर्ममध्ये, कोणी न सांगता करत होता. मोठ्या शब्दांच्या यादीत ते बसत नव्हतं म्हणून त्याने ते मोजलंच नव्हतं.

मी या विचाराची आहे, की प्रेरणा माणसाच्या आत साठवून ठेवलेली नसते. निर्णय आपला असेल, हातून काहीतरी नीट जमत असेल आणि आपल्यावाचून कोणाचं तरी अडत असेल, तर ती रोज नव्याने तयार होते. यातलं एक जरी नसलं तरी माणूस कोरडा पडतो आणि त्याला वाटतं आपण नालायक आहोत. अनिकेतकडे दुसरं आणि तिसरं होतं. पहिलं, म्हणजे निर्णय, आम्ही त्याला परत मिळवून दिला. समुपदेशकाच्या कामात याहून समाधानाचं काही मला ठाऊक नाही.

इथे एक अभ्यास सांगण्याजोगा आहे. अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट या सैनिकी अकादमीच्या ११,३२० कॅडेट्सचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना त्या कामाचीच ओढ होती ते अधिकारी होण्यात आणि पुढे टिकण्यात सरस ठरले, हे अपेक्षितच होतं. पण ज्यांना कामाची ओढही होती आणि नोकरी, कमाई यांसारखी बाहेरची कारणंही तितकीच जोरकस होती, ते नुसती ओढ असणाऱ्यांच्या मागे पडले. आपले पालक नेमकं उलट करतात. मूल डळमळलं की कारणांची भर घालतात: पगार बघ, मान बघ, लोक काय म्हणतील बघ. त्याचं स्वतःचं कारण त्या ढिगाखाली दिसेनासं होतं.

आता आजोबांविषयी. मी त्यांना मुद्दाम बोलावलं. नातवाच्या मनात काय चाललंय हे घरात त्यांच्यापासून लपवलं होतं, म्हाताऱ्याला धक्का बसेल म्हणून. आबा शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "मी बेळगावला रिक्रूट असताना पळून निघालो होतो. स्टेशनापर्यंत गेलो. तिकिटाला पैसं न्हवतं, म्हणून माघारी आलो." अनिकेत आ वासून बघत राहिला. आबांनी ही गोष्ट उभ्या आयुष्यात कोणाला सांगितली नव्हती. "मग मन कधी लागलं, आबा?" त्याने विचारलं. "लागलं की. वर्ष-दीड वर्ष गेलं आसंल. कधी लागलं त्ये काय कळलं न्हाई."

ज्या घरांत आधीची पिढी फौजेत होती त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, शौर्याच्या गोष्टी मुलांनी पुष्कळ ऐकलेल्या असतात. तुमचे रडकुंडीला आलेले दिवसही त्यांना सांगा.

अनिकेत परत गेला. आयुष्यभराचा निर्णय आम्ही त्याच्याकडून मागितलाच नाही. एक टर्म जायचं, सुट्टीत पुन्हा बसून बोलायचं, आणि तेव्हा 'नको' म्हणालास तर घरात कोणी तोंड पाडणार नाही, असं वडिलांनी त्याच्यासमोर कबूल केलं. फोनवर 'जमतंय ना? सहन होतंय ना?' विचारायचं नाही, हेही ठरलं. या प्रश्नाला मुलाला खोटं तरी बोलावं लागतं नाहीतर रडावं तरी लागतं. त्याऐवजी आईने विचारायचं, या आठवड्यात कोणाबरोबर होतास, काय नवीन आलं. माउलीने ते अक्षरशः पाळलं.

अजून ज्यांनी अर्जही भरलेला नाही त्यांच्यासाठी दुसरी एक मुलगी आठवते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर मुलींना एनडीएची दारं उघडली, २०२२ मध्ये पहिली तुकडी दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये १७ जणी प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. तेव्हापासून मुलींचे पालकही येऊ लागले. ही बारावीतली. हुशार, कबड्डी खेळणारी. मी तिला म्हटलं, "निवड झाली असं समज. कोणालाही कळवायचं नाही. फोटो नाही, स्टेटस नाही, काकांना फोन नाही. तरी जाशील?" ती पटकन म्हणाली, "मग काय उपयोग?" आणि स्वतःच दचकली. मुलींना हे झेपत नाही असं म्हणणाऱ्या काकांना उत्तर देणं, एवढंच तिचं कारण होतं. ते उत्तर मेरिट लिस्टच्या दिवशी देऊन झालं असतं आणि पुढची तीन वर्षं रिकामी राहिली असती. तिने त्या वर्षी अर्ज भरला नाही. आज ती फिजिओथेरपी शिकते आहे. काही जण याला माघार म्हणतील. माझ्या लेखी तो एक चांगला निर्णय आहे.

हा 'कोणालाही न कळवता' प्रश्न घरोघरी विचारण्यासारखा आहे. विचारताना आवाजात परीक्षा नको. आणि दहावीच्या मुलाला तर मुळीच घाईने उत्तर द्यायला लावू नये. कोर्स सुरू होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीसच्या दरम्यान असलं की चालतं, वर्षातून दोनदा परीक्षा होते, एक संधी हुकली म्हणून दार लागत नाही. पदवीनंतर सीडीएससारखे (सैन्यदलात अधिकारी होण्यासाठीची यूपीएससीची परीक्षा) मार्गही आहेत.

एक गोष्ट मात्र प्रेरणेच्या खात्यात टाकू नका. सुट्टीत घरी येऊन आठवडे झाले तरी झोप नाही, जेवण जात नाही, आवडती माणसंही नकोशी झाली आहेत, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं येतंय, तर तिथे समजावणं थांबवून सरळ मानसोपचारतज्ज्ञ गाठा. त्यावेळी कॅडेटला हवे असतात उपचार, आणि ते घेतल्याने कोणी कमी दर्जाचा सैनिक ठरत नाही.

अनिकेत सध्या पाचव्या टर्मला आहे. मधे गुडघा दुखावला, एक टर्म मागे राहावं लागलं आणि जुने कोर्समेट पुढे गेले. त्यांत तो राजस्थानचा मुलगाही होता. पोहण्याची परीक्षा तो केव्हाच पास झाला होता. तेव्हा एका रविवारी अनिकेतचा स्वतःहून फोन आला. सोडून यायचा विषय त्याने काढलाच नाही. नव्या कोर्समध्ये आपण उपरे वाटतो, काय करू, एवढंच विचारलं. तुला चांगलं येतं आणि तिथे कोणाला तरी येत नाही असं काय आहे ते आधी शोध, असं मी सांगितलं. आठवड्याने मेसेज आला: "मॅम, गणित. दोघं सापडलेत."