स्टीलची दुधाची टाकी गरम पाण्याने धुतल्यावर आपोआप आत चेपली. पत्रा हलका होता का?

पत्र्याला दोष देऊ नका. "टाकी एक बारच्या (साधारण हवेच्या दाबाइतक्या आतल्या दाबाच्या) टेस्टला पास झाली आहे, तिला काय होतंय" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. आतून दाब आला की पत्रा ताणला जातो, आणि ताण स्टील मजेत सोसतं. बाहेरून दाब आला की तोच पत्रा वाकतो. जाडी निम्मी झाली तर बाहेरचा दाब झेलण्याची ताकद निम्मी नाही, साधारण सहाव्या हिश्श्यावर येते. जुना पोचा असेल तर त्याहून कमी. म्हणजे आतल्या दाबाची टेस्ट पास झाली म्हणून टाकी व्हॅक्यूम झेलेल, असं अजिबात नाही.

आता तुमच्याकडे काय घडलं ते पाहा. गरम धुण्यानंतर टाकीत ८० अंशांची, वाफेने भरलेली हवा होती. त्या तापमानाला आतल्या एकूण दाबात जवळजवळ निम्मा वाटा वाफेचा असतो. लगेच स्प्रे बॉलमधून, म्हणजे टाकीत पाणी फवारणाऱ्या भोकांच्या गोळ्यातून, गार पाणी सोडलं की बारीक थेंबांवर वाफेचं पाणी होतं, तेही काही सेकंदांत. टाकी बंद असेल आणि आतली हवा ३० अंशांवर आली, तर दाब निम्म्यावर उतरतो. बाहेरून दर चौरस मीटरला पाच टनांचा भार. ४५० मिलीमीटरच्या मॅनहोलच्या (माणूस आत उतरायच्या तोंडाच्या) झाकणावरच आठशे किलो बसतात, त्यामुळे ऐन वेळी ते उघडायला धावून उपयोग नसतो.

"पण वेंट होता की!" हवा आत-बाहेर जायची ती वाट होती, पण तिचा आकार कशावरून काढलेला? बहुतेक ठिकाणी पंपाच्या आकड्यावरून. तासाला ३०,००० लिटर काढणाऱ्या पंपामागे मिनिटाला ५०० लिटर हवा आत यावी लागते. २०,००० लिटरची रिकामी टाकी गार पाण्याने मिनिटभरात थंड झाली तर तेवढ्यात दहा हजार लिटर हवा लागते. वीसपट! वेंट आणि व्हॅक्यूम ब्रेकर (आत दाब घटला की हवा आत घेणारा व्हॉल्व्ह) या आकड्यावर निवडा. पुरवठादार पंपाचंच गणित पुढे करेल, ऐकू नका. त्यात वेंटच्या फिल्टरवर दुधाचा फेस वाळलेला असतो, जाळी ओली असते, नाहीतर रंगकामात बांधलेली पिशवी कोणी सोडलेलीच नसते. धुण्याआधी फिल्टर काढून बघायचा, रोज.

क्रम असा ठेवा: कॉस्टिक (धुण्याचं क्षाराचं पाणी) पूर्ण निचरू द्या, धुण्याचा पंप बंद करा, मग मॅनहोल उघडा. वाफ जाऊ द्या. पुढचं पाणी ६० अंशांचं, मग कोमट, शेवटी गार. पंप चालू असताना झाकण उघडू नका, गरम कॉस्टिक अंगावर येतं.

दुरुस्तीचं म्हणाल तर थोडक्यात: पोचा काढायला कॉम्प्रेसरची हवा भरू नका, वेल्ड फाटला तर टाकी बॉम्बसारखी सुटते. पाणी भरून, गेज बघत, हळूहळू. नंतर प्रत्येक जोडावर डाय पेनिट्रंट, म्हणजे बारीक चिरा दाखवणारा रंग. आणि हो, टाकीला कूलिंग जॅकेट (भोवती गार पाणी फिरवणारं दुहेरी आवरण) असेल तर जॅकेटचा दाबही आतल्या पत्र्याला आतच ढकलतो, तेव्हा वरचे आकडे तुमच्यासाठी सौम्य समजा.