चित्र येत नाही, तरी फॅशन शिकता येते का?

प्रश्न : मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. नागपुरात इतवारीत आमचं रेडीमेड कपड्यांचं दुकान आहे. मला फॅशनमध्येच काम करायचं आहे, पण चित्रकला अजिबात येत नाही. घरचे म्हणतात, मग हा नाद सोड. – एक विद्यार्थिनी, महाल

सोडू नका. कपडा कसा दिसेल हे डिझायनर ठरवतो. तो किती नग घ्यायचा, कोणत्या साइजमध्ये, काय भावाला आणि कोणत्या आठवड्यात दुकानात आणायचा, हे बायर आणि मर्चंडायझर ठरवतात. या कामाला पेन्सिलपेक्षा हिशेबाची वही जास्त लागते, आणि तुमच्या घरी ती आधीपासून आहे.

'निफ्ट' म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था. तिचा मास्टर ऑफ फॅशन मॅनेजमेंट हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुला आहे. त्याच्या प्रवेशाला चित्रकलेची परीक्षा नसते. सामान्य क्षमता चाचणी असते, म्हणजे अंकगणित, इंग्रजी, तर्क, सामान्य ज्ञान, त्यानंतर मुलाखत. लेखी परीक्षा अलीकडे फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात होते आणि अर्ज त्याच्या बरेच आधी सुटतात, म्हणून दिवाळीपासूनच संकेतस्थळावर लक्ष ठेवा. नावांत मात्र घोळ करू नका. 'फॅशन टेक्नॉलॉजी' म्हणजे कपड्याच्या उत्पादनाचं शिक्षण. त्याच्या पदव्युत्तर वर्गाला अभियांत्रिकीची किंवा निफ्टची बी.एफ.टेक. (फॅशन टेक्नॉलॉजीची) पदवी लागते, बी.कॉम.वर तिथे अर्जच चालत नाही.

नागपुरात निफ्ट नाही. महाराष्ट्रातलं केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे. इथेच राहून खासगी डिप्लोमा करायचा असेल, तर फी भरण्याआधी अभ्यासक्रमाचा कागद मागून घ्या. त्यात कॉस्टिंग (नगाचा खर्च काढणं), मर्चंडाइज प्लॅनिंग (कोणता माल किती आणि कधी आणायचा), कापडाची ओळख आणि एक्सेल हवंच. चारपैकी तीन सत्रं स्केचिंगची असतील, तर तो डिझाइनचाच कोर्स आहे, पाटी फक्त मॅनेजमेंटची लावली आहे.

प्रश्न : वर्गात 'ओपन टू बाय' शिकवलं. सूत्र पाठ आहे, पण दुकानात ते बसवायचं कसं? – रिटेलचा विद्यार्थी, नंदनवन

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण कपड्याचं दुकान विक्रीअभावी जितकं अडचणीत येतं, त्याहून जास्त पडून राहिलेल्या मालाने येतं. 'ओपन टू बाय' म्हणजे या महिन्यात आणखी किती माल घ्यायला मुभा आहे.

आकडे मांडू. महिन्याची अपेक्षित विक्री ४,००,०००, सवलतीत सोडायची रक्कम ४०,००० आणि महिनाअखेर हवा असलेला साठा ६,००,०००. बेरीज १०,४०,०००. त्यातून हातातला साठा ७,००,००० आणि ऑर्डर दिलेला, वाटेवर असलेला माल १,५०,००० वजा करा. उरले १,९०,०००. हे सगळे आकडे विक्रीच्या भावाचे, जीएसटी वगळून.

इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. १,९०,००० ही घाऊक बाजारात न्यायची रक्कम नव्हे. मार्जिन, म्हणजे विक्रीच्या भावातला नफ्याचा वाटा, ४० टक्के असेल तर खरेदीभावाने ती १,१४,००० होते. गांधीबागेत पूर्ण १,९०,००० चा माल उचलला, तर तुम्ही मुभेपेक्षा ७६,००० जास्त अडकवलेत. दुसरी चूक वाटेवरच्या मालाची. फोनवर दिलेली ऑर्डर वहीत नसते, गाठोडी आली की आठवते. ऑर्डर देताक्षणी नोंद करा.

तिसरी चूक बारीक आहे, पण नागपुरात महागात पडते. अपेक्षित विक्री काढताना लोक मागच्या ऑक्टोबरशी हा ऑक्टोबर ताडून पाहतात. पण सण तारखेला बांधलेले नाहीत. २०२४ मध्ये दसरा १२ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं; २०२५ मध्ये ते २ आणि २१ ऑक्टोबरला आले. म्हणजे ऐन दिवाळीच्या गर्दीचे दिवसच पुढेमागे सरकले. दीक्षाभूमीच्या सोहळ्यासाठी पांढऱ्या साड्या-कुर्त्यांची मागणीही दसऱ्याबरोबर सरकते, १४ एप्रिलची तेवढी जागेवर राहते. म्हणून महिना सोडा आणि 'सणाच्या आधीचा तिसरा आठवडा, दुसरा, पहिला' अशी तुलना करा. उन्हाळ्याच्या सुती मालाचं उलटं आहे. त्याला तारीख नसते, ऊन असतं. तो फेब्रुवारीअखेर मांडणीवर हवा.

सराव हवा असेल तर ओळखीच्या दुकानातले ३० नग निवडा आणि रोज संध्याकाळी साइजनुसार मोजा. आलेल्या मालापैकी किती टक्के विकला, तो सेल-थ्रू. घाऊकात कुर्ती बहुधा सेटने मिळते, एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल एकेक. गिऱ्हाईक मात्र सारख्या प्रमाणात येत नाही. दहा सेटच्या ४० नगांतले एम आणि एल संपले, की उरलेला माल तुटक दिसतो आणि चांगला रंगही सवलतीत जातो. कोणता साइज आधी संपतो हे चार आठवड्यांत कळतं. मग सेट फोडून देणारा व्यापारी शोधणं किंवा थोडा जास्त भाव देऊन हवे तेच साइज घेणं परवडतं.

प्रश्न : खरेदीवर ४० टक्के चढवतो, तरी ४० टक्के उरत नाहीत. – एक दुकानदार, सीताबर्डी

कारण तुम्ही मार्कअप (खरेदीभावावर चढवलेले टक्के) लावता आणि मोजता मार्जिन (विक्रीभावातला नफ्याचा वाटा). ५०० च्या खरेदीवर ४० टक्के चढवले की भाव ७०० होतो. २०० नफा हा ७०० च्या २८.६ टक्केच आहे. मार्जिन ४० हवं असेल तर ५०० ला ०.६० ने भागा, भाव सुमारे ८३३ येतो. त्यावर ५ टक्के जीएसटी धरून पाटीवर ८७५.

एक उंबरठा लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के जीएसटी आहे. २,५०० चा नग गिऱ्हाइकाला २,६२५ ला पडतो, २,५५० चा ३,००९ ला. भाव ५० रुपयांनी वाढवून खिशाला ३८४ चा फटका बसतो, म्हणून २,५०० च्या जरासा वरचा भाव लावूच नका.