समोरच्या दुकानातला मुलगा

"मुलगी सोळा वर्षांची आहे. आमचं पुस्तकांचं दुकान, आणि बरोबर समोर त्यांचं. दोन वर्षं ही त्या मुलाच्या नावाने बोटं मोडायची, आता त्याच्याच प्रेमात पडलीय. हिचे बाबा म्हणतात फोन काढून घ्या. मला वाटतं, विरोध केला तर आणखी हट्टाला पेटेल. काय करू?"

समुपदेशक म्हणून माझ्याकडे आलेल्या एका आईचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

आईची भीती सर्वांच्याच ओळखीची. १९७२ साली मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ड्रिस्कॉल आणि सहकाऱ्यांनी मांडलंही होतं, की घरच्यांचा विरोध वाढला की जोडप्याचं प्रेम वाढतं. २०१४ साली तेच पुन्हा तपासलं गेलं, तेव्हा तसं आढळलं नाही. म्हणजे विरोधाने प्रेम भडकेलच असं नाही. माझ्या अनुभवात फोन काढून घेतल्याने एक मात्र होतं: मूल घरी बोलायचं बंद होतं. आणि काही बिनसलं तर ते कळायला घरचेच सगळ्यात शेवटी उरतात.

मुलीशी एकटीशी बोलले. इथलं बोलणं, तुझ्या जिवाला धोका असल्याशिवाय, बाहेर जाणार नाही हे आधी सांगितलं. मग गाडी सुटली. त्याने शोकेस कधी बदललं, काय मांडलं, सगळं हिला तोंडपाठ. त्याने पुस्तकांवर शिफारशीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, की हिच्या लगेच तयार, त्याहून खोचक. एकदा त्यांच्याकडे नसलेलं पुस्तक मागणाऱ्या गिऱ्हाइकाला त्याने सरळ "समोर मिळेल" म्हणून हिच्याकडे पाठवलं.

"मला आधी रागच आला," ती म्हणाली. "इतकं चांगलं वागायची काय गरज होती?"

मग हळूच, "मॅडम, हे प्रेम आहे की त्याला हरवायची खुमखुमी?"

मला हा प्रश्न तिच्या आईच्या प्रश्नापेक्षा जास्त शहाणा वाटला. डटन आणि ॲरन या मानसशास्त्रज्ञांचा १९७४ चा एक प्रयोग आहे. उंच, हलत्या झुलत्या पुलावर एक तरुणी पुरुषांना भेटली आणि आपला फोन नंबर देऊन गेली. भक्कम पुलावर भेटलेल्यांपेक्षा या पुरुषांपैकी जास्त जणांनी तिला नंतर फोन केला. भीतीने वाढलेली धडधड आकर्षण म्हणून वाचली गेली, असा त्यांचा निष्कर्ष. चुरशीतही धडधड असतेच. म्हणून तिला म्हटलं, निकाल आत्ता लावू नकोस. दुकानाचा विषय बाजूला ठेवून तासभर बोला, काय उरतं बघ. तो जिंकला की हिणवतो का, हरला की अबोला धरतो का? आणि तू एखाद्या गोष्टीला नाही म्हणालीस, तर ते नाही त्याला ऐकू येतं का? हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं.

तिला खरं लागलं होतं ते मात्र वेगळंच. बाबा तिला "फितूर" म्हणाले होते.

पुढच्या भेटीत बाबाही आले. बोलता बोलता कळलं, की त्याच आठवड्यात त्यांनीच लेकीला सांगितलं होतं, "त्यांनी वह्या कितीला लावल्यात, विचार बघ त्याला." मी काही बोलले नाही, पण आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की बोलायची गरजच उरली नाही.

पालकांची खरी गाठ अशा वेळी बहुधा इथेच असते. मुलांचं प्रेम आणि मोठ्यांचा धंदा एकाच पोत्यात भरलेला असतो. आम्ही तो वेगळा केला. वितरकाची सवलत, शाळांच्या ऑर्डरी, कोणाची किती उधारी, यातलं काहीही ती त्याच्याशी बोलणार नाही, आणि घरचे तिच्याकडून त्यांची बातमी काढणार नाहीत. फोन तिच्याकडेच राहील, रात्री मात्र बाहेरच्या खोलीत. भेटायचं तर कुठे आणि किती वाजेपर्यंत, हे आईला माहीत हवं.

बाबा कुरकुरत तयार झाले. शाळा सुरू होतानाच्या गर्दीत गल्ल्यावर तीच बसेल, एवढी अट त्यांनी घातली. ती म्हणाली, "बसणारच. यंदा त्याला हरवायचंय."