फोन हरवल्यामुळे द्विस्तरीय पडताळणीत अडकलेले गूगल खाते कसे उघडावे?

नागपूरच्या सीताबर्डी बाजारातील गर्दीत फोन हरवला आणि पासवर्ड ठाऊक असूनही खाते कोड मागते, ही आपली अडचण आहे. पूर्वी बॅकअप कोड, म्हणजे फोन हाताशी नसताना वापरायचे राखीव कोड, छापून ठेवले असतील (गूगल प्रत्येकी 8 अंकी असे 10 कोड देते), तर त्यांपैकी एक वापरून आत जाता येईल. वापरलेला कोड मात्र पुन्हा चालत नाही. घरच्या एखाद्या संगणकावर खाते अजून उघडे असेल, तर तेथून लॉगआउट मुळीच करू नका, कारण अशा ओळखीच्या संगणकावरूनच खाते परत मिळण्याची शक्यता सर्वाधिक असते. खात्याला मोबाइल क्रमांक जोडलेला असल्यास त्याच क्रमांकाचे नवे सिम तातडीने घ्या, म्हणजे पडताळणीचा कोड त्यावर एसएमएसने मिळवता येईल. त्यावर पहिले 24 तास एसएमएस सहसा बंद असतात, तोवर कृपया धीर धरा.