शुद्धीकरण, झाडाझडती की सफाया?

विट्याहून एका विद्यार्थिनीने विचारलंय. स्पर्धा परीक्षेसाठी जगाचा इतिहास वाचताना तिला एका पुस्तकात ‘स्टालिनने पक्षाचे शुद्धीकरण केले’ असं वाक्य सापडलं. दुसऱ्या पुस्तकात त्याच गोष्टीला ‘सफाया’ म्हटलंय. इंग्रजी शब्द दोन्हीकडे ‘पर्ज’. बरोबर कुठला? आणि शुद्धीकरण म्हणजे चांगलं काम असेल, तर या माणसाने स्वतःच्याच माणसांना गोळ्या का घातल्या?

‘पर्ज’ लॅटिनमधून आला. साफ करणे हा मूळ अर्थ, आणि वैद्यकात रेच देणे. (इटलीच्या हुकूमशहा मुसोलिनीचे काळ्या डगल्यातले गुंड विरोधकांना धरून खरोखरच एरंडेल पाजायचे. तिथे शब्दार्थ आणि लक्ष्यार्थ एकच झाला.) रशियन शब्द ‘चिस्तका’, म्हणजे साधी साफसफाई. तेव्हा शब्दकोश पाहून कुणी ‘शुद्धीकरण’ लिहिलं तर त्याला चूक म्हणता येणार नाही.

तरी मला तो खटकतो. १९२७ साली महाडला बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरची माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली, त्यानंतर सनातन्यांनी त्या तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं होतं. पाणी आधी होतं तसंच नंतरही होतं. घाण काय हे शुद्ध करणारा ठरवतो, आणि तो शब्द वापरला की आपणही नकळत त्याच्या बाजूला जाऊन उभे राहतो. स्टालिनच्या तोंडी शुद्धीकरण शोभतं. इतिहास सांगणाऱ्याने निदान अवतरणचिन्हं घालावीत.

‘निर्मूलन’चंही तेच. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांमुळे हा शब्द आपल्या घराघरांत पोचला, पण तो अंधश्रद्धेच्या मागे लागतो. देवीच्या, हिवतापाच्या मागे लागतो. माणसांमागे लावायचा तर आधी माणसांना रोग ठरवावं लागतं.

मग काय वापरावं? माझ्या मते काळ बघून दोन शब्द. १९२१ च्या चिस्तकेत रशियाच्या कम्युनिस्ट पक्षाच्या सभासदांना समितीपुढे उभं करून, चारचौघांत उलटतपासणी घेऊन, नापास झालेल्याचं सभासदपत्र काढून घेत. चौथाईच्या आसपास सभासद तेव्हा बाहेर पडले, पण जिवंत घरी गेले. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, ‘झाडाझडती’. पुढे हकालपट्टी. १९३७-३८ मध्ये नाव तेच राहिलं आणि काम बदललं. जुलै १९३७ च्या हुकुमात प्रांतवार आकडे होते: इतके गोळी घालायचे, इतके छावणीत धाडायचे. रेशन दुकानात साखरेचा कोटा ठरतो तसा. आणि प्रांतांतून कोटा वाढवून मागणाऱ्या तारा आल्या! हा सफाया. ‘सफाई’ आणि ‘सफाया’ यांत एका अक्षराचा फरक आहे. नगरपालिका करते ती सफाई.

आता दुसरा प्रश्न. आपल्याकडच्या शब्दांनीच सांगतो. सातारा-सांगलीत खुरपणीला ‘भांगलण’ म्हणतात. लहानपणी मी शाळवात पात धरायला गेलो आणि गवत समजून कोवळा शाळूच उपटत निघालो. आत्ती मागून ओरडली, “आरं, आधी पीक वळखाय शिक, मग खुरपं धर!” हुकूमशहा जगाला सांगतो की मी भांगलण करतोय, तण काढतोय.

प्रत्यक्षात काय करतो, याची एक जुनी ग्रीक गोष्ट हिरोडोटस या इतिहासकाराने लिहून ठेवलीय. कॉरिंथचा हुकूमशहा पेरिअँडर याने मिलेटसचा हुकूमशहा थ्रॅसिब्युलस याच्याकडे दूत पाठवला: राज्य सुरक्षित कसं ठेवू? थ्रॅसिब्युलस दूताला घेऊन पिकात शिरला, सल्ला मात्र काहीच दिला नाही. चालता चालता जे कणीस सगळ्यांच्या वर दिसेल ते तोडून फेकत गेला. दूताला वाटलं, माणूस खुळा आहे. पेरिअँडरला बरोबर कळलं. भांगलणीत खुरपं बुडाशी चालतं, इथे हात शेंड्याला गेला. उपटायचं होतं ते तण नव्हतंच, चांगलं भरलेलं कणीस होतं.

१९३४ च्या सतराव्या अधिवेशनाला रशियन पक्षाने ‘विजेत्यांचं अधिवेशन’ म्हटलं. तिथे निवडलेल्या मध्यवर्ती समितीत उमेदवार सभासद धरून १३९ जण होते. त्यातल्या ९८ जणांना अटक करून गोळ्या घातल्या, हे स्टालिननंतर सत्तेवर आलेल्या ख्रुश्चेव्हने १९५६ साली सांगितलं. सैन्याच्या पाच मार्शलांपैकी तीन गेले. यातल्या बहुतेकांनी कट वगैरे काही केला नव्हता. पण ते जुने होते. स्टालिन आपल्यातलाच एक होता तो काळ त्यांना आठवत होता, आणि त्यांना खाली माणसं मानत होती. त्यांच्या जागी आलेल्या तरुणाला खुर्ची, घर, मोटार सगळं एकाच हाताने दिलेलं. तो मान वर कशाला करेल?

शिवाय भीतीच्या राज्यात समोरचा प्रत्येकजण नंदीबैल. सगळेच गुबूगुबू मान हलवतात, मग मनापासून कोण हलवतोय हे मालकाला कळणार कसं? कळत नाही म्हणून संशय, संशय म्हणून आणखी मुंडकी, आणि त्या धाकाने माना आणखी जोरात हलतात. इराकच्या सद्दाम हुसेनने जुलै १९७९ मध्ये, राष्ट्राध्यक्ष झाल्यावर आठवड्याच्या आत, पक्षाच्या सभेत ‘कटवाल्यां’ची नावं वाचायला लावली. नाव आलं की माणूस सभागृहाबाहेर नेला जाई. उरलेले घाम पुसत उठून सद्दामचा जयजयकार करू लागले. त्यांच्यातल्याच काहींच्या हाती नंतर बंदुका देऊन आपल्या सोबत्यांवर गोळ्या झाडायला लावल्या. एकदा हात रंगले की फुटायची सोय उरत नाही.

राहिला येझोव्ह. ३७-३८ चा सफाया ज्याच्या हाताने झाला तो पोलिसप्रमुख. १९४० साली त्यालाही गोळी घातली, आणि कालव्याच्या काठी स्टालिनशेजारी उभा असलेल्या त्याच्या फोटोतून त्याला पुसून टाकलं. तिथे आता नुसतं पाणी दिसतं. या पुसण्याला मराठीत जुना, तयार शब्द आहे. पोथी शुद्ध करताना चुकलेल्या अक्षरांवर पिवळ्या हरताळाचा लेप देत, त्यावरून आलेला: हरताळ फासणे.