आधी खिडकी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

रुग्णालयाच्या देणगी विभागात रुजू होऊन तुला जेमतेम महिना झाला. पत्रात तू लिहितेस, ‘खरं काम डॉक्टर आणि नर्स करतात, मी नुसते पैसे मागते.’ हे वाचून मला राहवलं नाही, म्हणून लगेच लिहायला बसलो.

एक हकीकत सांगतो. १९४८ साली लंडनमध्ये डेव्हिड टास्मा नावाचा एक ज्यू निर्वासित कर्करोगाने अंथरुणाला खिळला होता. मूळचा वॉर्साचा. मायेचं असं जवळ कुणी नाही. सिसिली सॉन्डर्स तेव्हा डॉक्टर झालेल्या नव्हत्या, वैद्यकीय समाजसेविका होत्या. त्या त्याच्यापाशी जाऊन बसत. जे बरे होणार नाहीत, त्यांच्या वेदना जिथे कमी होतील आणि त्यांचं कुणी ऐकून घेईल, असं ठिकाण कसं असावं, यावर दोघं बोलत राहत. जाताना त्याने त्यांच्यासाठी ५०० पौंड ठेवले आणि म्हटलं, तुमच्या त्या घरातली एक खिडकी मी होईन. घराचा तेव्हा पत्ताही नव्हता. ते घर, म्हणजे सिसिली यांचं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (बरे न होणाऱ्या रुग्णांचं शुश्रूषागृह), उघडलं १९६७ मध्ये. म्हणजे खिडकी आधी आली आणि भिंती एकोणीस वर्षांनी!

यातला क्रम नीट बघ. ऐकणं आधी झालं, देणगी त्यातून आली. आपल्या कामात हा क्रम फार वेळा उलटा होतो.

खिडकीवरून आणखी एक आठवलं. १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास छापला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या, पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांना खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांना विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. अभ्यास छोटा आहे, त्यावर इमला रचू नकोस. पण ‘खोली प्रसन्न असणं ही चैन आहे’ असं कुणी तुला म्हणालं, तर हा दाखला हाताशी असू दे.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. बिलात खाटेला रकाना असतो, औषधाला असतो, तपासणीला असतो. निदान ऐकून सुन्न झालेल्या मुलीशेजारी एखादी समुपदेशक तासभर बसली, तर त्या तासाला बहुतेक ठिकाणी रकाना नसतो. रुग्णाची भाषा बोलणारा दुभाषी, रात्रभर थांबणाऱ्या आईसाठी आडवं होण्यापुरती जागा, शस्त्रक्रियेआधी लहान मुलाला बाहुलीवर सगळं समजावून सांगणारं माणूस, घरी परतायला पैसे नसलेल्या कुटुंबाचा प्रवासखर्च, मृत्यूनंतर महिन्याभराने नातेवाइकांना केलेला एक फोन: हे सगळं कुणाच्या तरी देणगीवर चालतं, नाहीतर चालतच नाही. म्हणून तू ‘नुसते पैसे’ मागत नाहीस. तू वेळ मागतेस. कुणीतरी घाई न करता रुग्णाजवळ बसावं, यासाठीचा वेळ.

आणि इथेच मी एकदा चुकलो. मी होतो त्या रुग्णालयाला एका सज्जनाने महागडं यंत्र देऊ केलं. देखभालीचा खर्च कोण करणार, ते चालवणारा तंत्रज्ञ कुठून येणार, हे मी विचारायला हवं होतं. देणगीदार दुखावेल म्हणून गप्प बसलो. यंत्र पुढे बरेच महिने आवरणाखाली पडून राहिलं, आणि त्याच मजल्यावर आया खुर्चीत बसून रात्री काढत होत्या. ते आठवलं की आजही जीव कासावीस होतो. देणगीदाराला नम्रपणे नाही म्हणणं, किंवा ‘यापेक्षा याची जास्त गरज आहे’ असं सांगणं, हा तुझ्या कामाचाच भाग आहे. माझ्या अनुभवात बहुतेकांना ते आवडतंच. त्यांना खरोखर उपयोगी पडायचं असतं, फक्त गरज कुठे आहे हे कुणी सांगितलेलं नसतं.

काम करणाऱ्यांसाठीही माग. बॉस्टनचे वकील केनेथ श्वार्ट्झ यांना चाळिशीत फुप्फुसाचा कर्करोग झाला. शुश्रूषा करणाऱ्यांच्या छोट्या छोट्या माणुसकीने आपल्याला किती बळ दिलं, हे त्यांनी लिहून ठेवलं आणि १९९५ मध्ये जाण्यापूर्वी या कामासाठी एक संस्था सुरू केली. तिच्यामुळे आज अनेक रुग्णालयांत डॉक्टर, नर्स आणि इतर कर्मचारी एकत्र बसून रुग्णसेवेचा मनावर येणारा भार बोलून दाखवतात. थकलेल्या माणसाकडून करुणेची अपेक्षा करायची, तर त्याच्याकडेही कुणी बघायला हवं.

एका बाबतीत मात्र हट्टी राहा. रुग्णाला देणगीदारांपुढे उभं करून आभार मानायला लावू नकोस. फोटो हवा असेल तर उपचार संपल्यावर, स्वतंत्रपणे विचार. नाही म्हटलं तर उपचारात काडीचाही फरक पडणार नाही, हे त्याला स्पष्ट सांग. ज्याच्या सन्मानासाठी पैसे गोळा करायचे, त्याचाच सन्मान त्यात खर्ची पडता कामा नये.

पुढचं आवाहनपत्र लिहिण्याआधी एक रात्र वॉर्डात काढ. रात्रपाळीच्या नर्सला एवढंच विचार, ‘काल कुठल्या रुग्णासाठी तुम्हाला वेळ मिळाला नाही?’ ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवून घे, रुग्णाची ओळख वगळ, आणि मसुदा मला पाठव. सुशोभित करू नकोस.

तुझा,
काका