समुद्रकिनाऱ्याची कचरामोजणी तापीकाठी चालेल का?

प्रश्न : समुद्रकिनाऱ्यावरचा कचरा ड्रोनने टिपून संगणकाकडून मोजून घेतात, असे वाचनात आले. आमच्या विद्यार्थ्यांना ही पद्धत तापीकाठी वापरता येईल का?
– एक प्राध्यापक, रावेर

उत्तर : येईल, मात्र किनाऱ्यासाठी घडवलेली प्रणाली आहे तशी उचलून आणू नये.

किनाऱ्यावरची रूढ रीत म्हणजे १०० मीटरचा पट्टा आखून एकेक वस्तू हाताने मोजणे. ड्रोन तोच पट्टा एकमेकांवर येणाऱ्या छायाचित्रांत टिपतो. ती जोडून सलग चित्र तयार होते आणि माणसांनी खुणा करून दिलेल्या असंख्य नमुन्यांवरून शिकलेला संगणक त्यात कचरा शोधतो. यात उंची फार महत्त्वाची. साधारण कॅमेऱ्याने १० मीटरवरून एका पिक्सेलमध्ये, म्हणजे चित्राच्या एका ठिपक्यात, जमिनीचे सुमारे ४ मिलिमीटर येतात, म्हणजे ८ सेंटीमीटरची शाम्पूची पुडी वीस पिक्सेल व्यापते. ड्रोन ५० मीटरवर नेला की तीच पुडी चार पिक्सेलांत मावते आणि पांढऱ्या खड्यापासून वेगळी काढता येत नाही.

आपल्याकडचा कचराही निराळा. केळीच्या घडांवरून काढलेल्या पातळ पिशव्या, ठिबकच्या नळ्यांचे तुकडे, पिकाभोवतीची माती झाकायला अंथरलेला आणि आता फाटलेला मल्चिंग पेपर हे सारे समुद्राच्या वाळूवर शिकलेल्या संगणकाने क्वचितच पाहिलेले असते. ओल्या काळ्या गाळावर पडलेली काळी नळी तर जवळ उभ्या माणसालाही चटकन दिसत नाही. म्हणून विद्यार्थ्यांनी आधी पट्टा आखून हाताने मोजणी करावी, मग त्याच पट्ट्याच्या छायाचित्रांवर स्वतः खुणा कराव्यात आणि काही पट्टे संगणकाच्या शिकवणीतून पूर्ण वगळून पडताळ्यासाठी राखावेत. खरा कचरा किती सुटला आणि वाळकी पाने किंवा दगड किती वेळा कचरा ठरले, या दोन चुका वेगवेगळ्या नोंदवाव्यात. एकच ‘अचूकता’ सांगितली की हातमोजणीची मेहनत वाया जाते. गाळाखाली पुरलेले प्लास्टिक ड्रोनला दिसत नाही आणि वजनही थेट कळत नाही.

नोंद प्रकारवार ठेवावी, असा माझा आग्रह आहे. तापी सुरतेजवळून पुढे अरबी समुद्राला मिळते. तिथल्या किनाऱ्यावर केळीच्या पिशव्या आढळल्या, तर त्या कोठून आल्या असतील याचा माग घेताना रावेरची ही नोंद उपयोगी पडेल.

पावसाळा सरून पाणी उतरले की सुरुवात करावी, आणि सावल्या आखूड असताना उड्डाण करावे. त्याआधी २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा उड्डाणाला मोकळ्या की निर्बंध असलेल्या क्षेत्रात येते हे तपासावेच, कारण भुसावळ-वरणगाव भागात आयुध निर्माणी आहेत.